सतरा कार्बनांचं तेल

आमच्या गटात सकाळी कुणी 'शुभ सकाळ' लिहीत नाही. रंग लिहितात. विहंग हिरवा. समिहा हिरवी. ओजस जरा पिवळट, पण खेळतोय.

मुलांच्या दंडावर नखाएवढी एक चकती चिकटवलेली असते. डॉक्टरांकडे तिला लांबलचक नाव आहे, आम्ही आया तिला टिकली म्हणतो. कातडीखालच्या पाण्यातून ती अमोनिया मोजते आणि रंग बदलते. हिरवी असली की दिवस आपला. पिवळी झाली की जेवण थांबवायचं, साखरेचं पाणी सुरू करायचं, डॉक्टरांना फोन लावायचा. लाल झाली तर फोनसुद्धा लावत बसायचं नाही, आधी गाडीत बसायचं.

माझी बिल्वा चार वर्षांची आहे. जन्मून आठवडा झाला नव्हता तेव्हा ती दूध ओढेनाशी झाली, आणि लातूरच्या डॉक्टरांनी कार्बनची साखळी कागदावर काढून मला आजार समजावून सांगितला. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेली. त्यांचं चित्र पुरं व्हायच्या आधीच मला कळलं होतं. कळल्याचा काही उपयोग झाला नाही.

तेल, तूप, चरबी म्हणजे शेवटी कार्बनच्या लांब साखळ्या. त्यांना स्निग्धाम्लं म्हणतात. झाड ही साखळी विणतं तेव्हा दोन-दोन कार्बन एकदम जोडत जातं. म्हणून शेंगदाणा घ्या, तीळ घ्या, करडई घ्या, साखळीत सोळा कार्बन निघतील, अठरा निघतील. सतरा जवळजवळ कधीच नाहीत. आपलं शरीर ती साखळी उसवतं तेही दोन-दोनानं. आकडा सम असला की शेवटी काही उरत नाही. विषम असला तर तीन कार्बनांचा एक तुकडा मागे राहतो. तुमच्या-माझ्या शरीरात त्या तुकड्याची वाट लावणारं विकर असतं. बिल्वाच्या शरीरात ते नाही. तुकडे साचतात, रक्त आंबतं, अमोनिया चढतो आणि मूल पेंगायला लागतं. काही प्रथिनांतूनही हाच तुकडा निघतो, म्हणून डाळ, दूध, अंडं हे सगळं तिला चमच्यानं मोजून. पोट भरायचं ते भातावर, साखरेवर आणि तेलावर. तेल हा तिचा सगळ्यात निर्धोक घास होता.

म्हणजे, तेल झाडाचं होतं तोवर.

हवेचं तेल आलं तेव्हा मी कॉलेजात होते आणि आम्ही वर्गात टाळ्या वाजवल्या होत्या. सिमेंटच्या भट्टीचा धूर घ्यायचा, उन्हाच्या विजेनं पाणी फोडून हायड्रोजन काढायचा, दोन्ही तापलेल्या धातूच्या भुकटीवरून न्यायचे. मेणासारख्या लांब साखळ्या तयार होतात. त्यांना बेतानं ऑक्सिजन दिला की झाली स्निग्धाम्लं. साबण, रंग, ग्रीस, टायर, मेणबत्त्या, जिथे म्हणून ताडाचं नाहीतर करडईचं आम्ल लागायचं तिथे हे चालतं. कल्पना जुनीच, शंभर वर्षांपूर्वीच्या महायुद्धात जर्मनीत कोळशापासून असं लोणी केलं होतं. नवा होता तो स्वस्तपणा. पाचसहा वर्षांत ताडासाठी जंगलं तोडणं थांबलं. त्याचा आनंद मला आजही आहे, हे मुद्दाम लिहिते.

यंत्र मात्र झाडासारखं जोडीनं विणत नाही. एकेक कार्बन लावत जातं. पंधरा, सोळा, सतरा, अठरा, जे होईल ते. साबणाला त्याचं सोयरसुतक नसतं. पुढे ते तेल बिस्किटांत आलं, हॉटेलांच्या कढईत आलं, औषधाच्या गोळ्यांवरच्या मुलाम्यात आलं. परवानगी मिळाली, कारण कोट्यवधी लोकांना त्यानं खरोखरच काही होत नव्हतं. ज्यांना होत होतं ती मुलं सगळ्या राज्यात मिळून एका एस.टी.त मावतील एवढी.

*

उदगीरहून नळेगावकडे जाताना आमची तेलगिरणी लागते. आमची म्हणजे माझ्या नणंदेची, महानंदा अक्कांची. सासरे गेले तेव्हा माझा नवरा गुरुनाथ शाळेत होता. अक्कांनी लग्नाचं मनातून काढून टाकलं, गिरणी धरली आणि भाऊ वाढवला. आजही गुरूला शर्ट घ्यायचा तर रंग अक्का ठरवतात, आणि तो दुकानात उभा राहून त्यांना फोटो पाठवतो. मी सुरुवातीला चिडायची. मग पाहिलं की माझ्या साडीलाही त्या फॉल-बिडिंग करूनच आणतात.

गिरणीत करडईचं तेल निघायचं. थोडं खाण्यासाठी जायचं. बाकीचं वाफेनं फोडून त्याची आम्लं रंगाच्या नि साबणाच्या कारखान्यांना. हवेचं आम्ल आल्यावर एकेका कारखान्यानं पाठ फिरवली. शेवटचा रंगवाला पंचवीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक होता. तो स्वतः भेटायला आला, जेवून गेला आणि पुन्हा आला नाही.

गिरणी वाचली ती बिल्वाच्या आजारामुळे, हे म्हणताना जीभ अडखळते. डॉक्टरांना तिच्यासाठी फक्त झाडाचं आणि नीट शुद्ध केलेलं तेल हवं होतं. घरी घाण्यावर काढलेल्या तेलात पेंडीचा गाळ राहतो, म्हणजे प्रथिनं राहतात. ती ह्या मुलांना चालत नाहीत. दोन्ही अटी पुऱ्या करणारं तेल आमच्याकडे होतं. डॉक्टरांनी दुसऱ्या आईबापांना सांगितलं, त्यांनी तिसऱ्यांना. करमाळा, संगमनेर, चिपळूण, कुठे कुठे डबे जाऊ लागले. मग जपून खाणारे इतर लोकही मागायला लागले. डब्यावर लिहिलेलं असायचं: वनस्पतिजन्य, विषम साखळी नाही. त्याखाली तपासनीस म्हणून माझं नाव, ईश्वरी गुरुनाथ बिडवे. आणि अक्कांच्या आग्रहानं त्याखाली आणखी एक ओळ: बिल्वाची आई.

मी नको म्हटलं होतं. अक्का म्हणाल्या, "लोकांना तुझं रसायनशास्त्र नाही कळत. आई कळते."

*

तपासणी कशी होते ते सांगायला हवं, कारण सगळं तिथेच घडलं.

तेलाच्या थेंबाची वाफ करून केसासारख्या बारीक, लांबच लांब नळीतून सोडतात. लहान साखळी आधी बाहेर पडते, मोठी मागून. पडद्यावर प्रत्येकीचं एकेक शिखर उमटतं. पण शिखर उंच की बुटकं हे ठरवायचं कशाशी ताडून? त्यासाठी प्रत्येक नमुन्यात एक ओळखीचं आम्ल ठरल्या मापानं आपणच टाकायचं, असं की जे त्या तेलात मुळात नसतंच. ह्या कामाला सतरा कार्बनांचं आम्ल वापरायची जुनी पद्धत आहे. झाडात सतरा नसतात, म्हणून. आम्हीही तेच वापरायचो. हवेचं तेल मिसळलंय का हे बघायला मी पंधराची जागा बघायची, एकोणिसाची जागा बघायची. तिथे रेघ सपाट असली की सही. सतराचं शिखर तर आमच्याच हातचं.

उदगीरच्या उन्हाळ्यात त्यात एक भानगड व्हायची. सतराच्या द्रावणाची बाटली कितीही घट्ट लावा, त्यातला द्रावक उडून जायचा. द्रावण दाट व्हायचं, सतराचं शिखर चढायचं, आणि हिशेबात तेल कमी भरल्यासारखं दिसायचं. माझ्या आधी प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या हुडगे सरांनी त्यावर एक गुणक काढला होता. त्याला सगळे उन्हाळी गुणक म्हणायचे. होळी झाली की लावायचा, मृग लागला की काढायचा. पंख्याला तेल घालावं तसं ते एक वार्षिक काम होतं.

त्या वर्षी पोळा झाला तरी गुणक काढता येईना. काढला की तेल कमी भरायचं. मी बाटलीचं बूच बदललं, सुई बदलली, हवा दमट आहे म्हणून कुरकुरले आणि गुणक तसाच ठेवला.

त्याच सुमारास गटात पिवळा रंग वाढला.

आधी ओजस. मग समिहा, तिला सर्दी होती, म्हणून कुणाला नवल वाटलं नाही. सर्दी-तापानंही ह्या मुलांची टिकली पिवळी होते. मग करमाळ्याच्या कोमल वाघमोडेचा विहंग. कोमल कमी लिहिणारी बाई. तिचा मुलगा बिल्वापेक्षा थोडा मोठा, सगळ्या गाड्यांची नावं सांगणारा. ती कधीमधी त्याचा आवाज टाकायची, 'ट्याक्टर' म्हणतानाचा. त्याची टिकली पिवळी झाली, हिरवी झाली, पुन्हा पिवळी झाली.

बिल्वा रोज हिरवी. मी रोज सकाळी लिहायची, बिल्वा हिरवी, आणि लिहून झाल्यावर मला सुटल्यासारखं वाटायचं. मग मी फोन पालथा ठेवायची. इतरांचं वाचून काळजी वाटायची आणि त्या काळजीखाली, खरं सांगायचं तर, एक गार जागा होती: माझी बरी आहे.

एका दुपारी कोमलनं मला वेगळा निरोप पाठवला. ताई, तुमची बिल्वा एवढी चांगली कशी राहते? काय वेगळं देता ते सांगा ना.

मी भराभर उत्तर लिहिलं. काही वेगळं नाही गं. तोच भात, तेच डॉक्टरांचं चूर्ण, तेच तेल.

पाठवण्याआधी मी थांबले. तेच तेल. बिल्वाचं तेल डब्यातून यायचं नाही. अक्का ते स्टीलच्या कॅनमध्ये स्वतःच्या हातानं भरून आणायच्या. भाचीसाठी आत्या एवढं करते ह्याचं मला कौतुक होतं. ते तेल वेगळं असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता, गिरणीची सुटी. मी बिल्वाला गुरूजवळ ठेवून प्रयोगशाळेत गेले. दोन नमुने घेतले, एक विक्रीच्या डब्यातला, एक घरच्या कॅनमधला. आणि आयुष्यात पहिल्यांदा दोन्हींमध्ये सतराचा थेंब टाकला नाही. परीक्षेत उत्तरपत्रिकेवर नाव न लिहिल्यासारखं वाटलं.

कॅनमधल्या तेलात सोळा आलं, मग सतराच्या जागी सपाट रेघ, मग अठराची उंच शिखरं.

डब्यातल्या तेलात सतरा उभं होतं.

मी टाकलेलं नव्हतं. तरी होतं, आणि लहानसं नव्हतं. मी डबा बदलून पाहिलं, तारीख बदलून पाहिलं. जुन्या डब्यांत नव्हतं. शिमग्यानंतर भरलेल्या प्रत्येकात होतं.

मग एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसत गेली. हवेचं तेल करणाऱ्यांनी मधल्या काळात गाळण सुधारलं होतं. साखळ्या उकळबिंदूनुसार वेगळ्या करताना पंधरा आणि एकोणीस सहज बाजूला काढता येतात. सोळा नि अठराच्या मध्ये अडकलेली सतरा मात्र पुरती सुटत नाही. मी ज्या दोन खिडक्यांशी पहारा देत होते तिथून कुणी येणारच नव्हतं. आलं ते मीच उघड्या ठेवलेल्या दारातून, आणि मी त्याला उन्हाळा म्हणत होते.

बाहेर ऊन पडलं होतं. करडईच्या पोत्यांचं गोदाम मी कितीतरी महिन्यांत उघडून पाहिलं नव्हतं, माझं तिथे कामच नसायचं. आता उघडलं. मागच्या भिंतीपर्यंत मोकळं होतं.

*

अक्का त्यांच्या घरी शेंगा फोडत बसल्या होत्या. मी पडद्याची दोन चित्रं त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, कुठलं आपल्या बिल्वाचं? मी दाखवलं. त्या सपाट रेघेवर त्यांनी बोट फिरवलं.

त्यांनी काही लपवलं नाही. करडई पेरायला आता कुणी तयार नाही, काटेरी पीक, काढायला माणूस मिळत नाही, आणि कारखाने घेत नाहीत तर पेरायची कशाला. बी मिळेना तेव्हा त्यांनी हवेचं आम्ल आणलं. आम्ल आणि ग्लिसरीन पुन्हा जोडलं की तेलच होतं. यंत्रं आमच्याकडे होतीच, उलटी चालवायची एवढंच. आधी थोडं मिसळलं, मग जास्त. मागच्या रानात थोडी करडई त्यांनी स्वतः लावून घेतली होती. तिचं तेल वेगळं काढून, गिरणीतल्या लहान किटलीत, म्हणजे छोट्या टाकीत, शुद्ध करून, ते कॅनमध्ये. गिरणीतल्या कुणाला पुरतं ठाऊक नव्हतं. गुरूला तर नाहीच.

"डबे बंद केले असते तर त्या लेकरांना काय मिळालं असतं?" अक्का म्हणाल्या. "बाजारातलं, पुरतं हवेचं. आपल्यात निम्मं तरी झाडाचं आहे. बी कुठून आणू, सांग की तू."

मी म्हटलं, सांगायचं होतंत. लोकांना सांगितलं असतं तर त्यांनी तेल कमी केलं असतं, साखर वाढवली असती, डॉक्टरांनी दुसरं काही बघितलं असतं.

"आणि गिरणी?"

त्यांनी शेंग फोडली, दाणे ताटलीत टाकले.

"घरच्या लेकराचं वेगळं काढलं," त्या म्हणाल्या, "हा गुन्हा असंल तर केला मी."

"वेगळं काढलंत, म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

त्यांचा हात थांबला. नंतर एवढंच म्हणाल्या की सगळ्यांना एवढा त्रास होईल असं वाटलं नव्हतं, तुझ्या तपासणीतही काही येत नव्हतं, मग सोसत असेल असं धरलं. ते खरं असावं. माझ्या सहीवर त्यांनीसुद्धा विश्वास ठेवला होता.

*

गुरूनं सगळं ऐकून घेतलं आणि आधी बिल्वाला उचलून कडेवर घेतलं. ती त्याच्या कानात काहीतरी सांगत होती, शेजारच्या मांजरीबद्दल. तो हो हो म्हणत होता आणि माझ्याकडे बघत होता.

त्याचा मार्ग असा होता की गवगवा करायचा नाही. तांत्रिक बिघाड म्हणून डबे परत मागवायचे. कर्नाटकात एक सहकारी संस्था अजून करडई गाळते, तिथून तेल आणून डबे बदलून द्यायचे. अक्काचं नाव राहील, माणसांची कामं राहतील. आणि बिल्वाचं काय, तो म्हणाला. गिरणीला सील लागलं तर लहान किटलीलाही लागेल. कर्नाटकवाल्यांचं तेल यायला, तपासून व्हायला महिना सहज जाईल. तोवर हिला काय घालणार आहेस?

ह्याच प्रश्नाला मी सकाळपासून भीत होते. कॅन अर्धा होता.

मी त्याला म्हटलं की तांत्रिक बिघाड असं लिहिलं तर लोक डबा बाजूला ठेवतील आणि नवा येईपर्यंत त्यातलंच वापरतील. आपण काय करतो? तुपाला वास आला तरी आठवडाभर खपवतोच ना. त्यांना विष म्हणूनच सांगायला हवं, तेव्हाच ते ओतून देतील. आणि संध्याकाळच्या भाताच्या आधी सांगायला हवं.

"ती माझी आई आहे, ईश्वरी," गुरू म्हणाला. अक्कांबद्दल तो असं कधी बोलला नव्हता.

"आणि डब्यावर मी आई आहे."

तो बिल्वाला घेऊन अंगणात गेला. मी बसले आणि गटात लिहिलं. लहानच लिहिलं. आमच्या तेलात हवेचं तेल आहे. शिमग्यानंतरच्या प्रत्येक डब्यात सतरा कार्बनांचं आम्ल आहे. ते माझ्या तपासणीत दिसलं नाही, कारण मी त्या जागी बघत नव्हते. आत्ता लगेच वापर थांबवा, डबा ओतून द्या, थोडा नमुना ठेवा, डॉक्टरांना हा निरोप दाखवा. बिल्वाला वेगळं तेल मिळत होतं. मला ते माहीत नव्हतं.

शेवटचं वाक्य मी पुसलं. ते खरं होतं, पण त्यानं मला बरं वाटत होतं.

पाठवलं. मग अन्न प्रशासनाच्या कार्यालयात फोन लावला.

उत्तरं एकदम आली नाहीत. पहिलं संगमनेरहून आलं: ओतलं. मग चिपळूणहून: ओतलं. समिहाच्या वडिलांनी मला जे लिहिलं ते मी इथे लिहीत नाही. त्यांचा हक्क होता. कोमलकडून काहीच आलं नाही. नंतर कळलं की मी निरोप लिहीत होते तेव्हा ती विहंगला घेऊन सोलापूरच्या वाटेवर होती. टिकली दुपारीच लाल झाली होती.

*

गिरणीला सील लागलं. अधिकारी आले तेव्हा अक्कांनी स्वतः फाटक उघडलं आणि कुठल्या टाकीत काय आहे ते दाखवत फिरल्या. विचारलं नाही तेही दाखवलं. आदल्या संध्याकाळी गुरूच्या हाती त्यांनी कॅन पाठवला होता, काठोकाठ भरलेला, लहान किटलीतलं होतं नव्हतं ते सगळं. निरोप काही नव्हता. गुरू त्यांच्याकडेच राहायला गेला. रोज येतो, बिल्वाला खेळवतो, माझ्याशी कामापुरतं बोलतो. खटला उभा राहील तेव्हा साक्ष मलाच द्यायची आहे.

दोन-तीन आठवड्यांत गटातले रंग परतू लागले. ओजस हिरवा. समिहा हिरवी. तेलावाचून मुलं रोडावली होती, साखरेवर किती दिवस काढणार. पण हिरवी होती. विहंगचं नाव कुणी काढत नव्हतं.

मग एका सकाळी कोमल आमच्या दारात उभी राहिली. मी तिला फोनवरच्या गोल चित्रात तेवढी पाहिली होती. उंच, उन्हानं रापलेली बाई, खांद्याला पिशवी. मी तिला आत बोलावलं, पाणी दिलं. तिनं घोटभर घेतलं आणि पेला हातातच ठेवला.

विहंग जगला होता. यंत्रावर रक्त धुऊन काढलं, बरेच दिवस बेशुद्ध होता, आता जागा झालाय. मान धरत नाही. बोलत नाही, पण ट्रॅक्टरचा आवाज आला की डोळे खिडकीकडे नेतो. डॉक्टर म्हणतात, वय लहान आहे, काही परत येईल. त्यासाठी अंगावर मांस चढलं पाहिजे, आणि मांस चढायला तेल पाहिजे. कर्नाटकचं अजून तपासणीत अडकलंय.

मी बोलायला तोंड उघडलं. काय बोलणार होते ते मला ठाऊक होतं, कितीदा तरी मनात घोकलं होतं.

"माफी नका मागू ताई," कोमल म्हणाली. "एवढ्या लांबून त्याच्यासाठी नाही आले. तुमच्याकडं चांगलं तेल आहे म्हणतात. त्यातलं पाहिजे."

मी कॅन आणला. तिनं तो बघितला, पण हात लावला नाही.

"तपासलंय का म्हणून नाही विचारत. तपासलेलं तर ते डब्यातलं पण होतंच," ती म्हणाली. "तुमच्या लेकीला माझ्यासमोर खाऊ घाला."

बिल्वाची जेवायची वेळ झालीच नव्हती. तरी मी भात कालवला, कॅनमधलं तेल वर घातलं, चिमूटभर मीठ. बिल्वाला पाहुणी नवीन, ती माझ्या मांडीत तोंड लपवू लागली. मग भूक नसताना आई भरवतेय ह्याची तिला गंमत वाटली आणि ती एकेक घास घेऊ लागली. कोमल समोर मांडी घालून बसली. प्रत्येक घास आत जाताना ती बघत होती, तो गिळला जाईपर्यंत. कुठल्याही यंत्रासमोर माझी इतकी बारीक तपासणी झालेली नाही. ताटली संपल्यावर बिल्वानं तिला विचारलं, तू जेवत नाहीस का? कोमल म्हणाली, जेवून आले बाळ. आली नव्हती.

मग तिनं पिशवीतून रिकामा डबा काढला. घासून पुसून आणलेला. मी नरसाळं लावलं आणि कॅन तिरपा केला.

करडईचं तेल पातळ, पिवळं, आवाज न करता पडतं. मी ओतत होते आणि मनातल्या मनात मोजत होते. बिल्वाला रोज एवढं. कर्नाटकचं लांबलं तर. तिला ताप आला तर. डब्यातलं तेल वर येत होतं, कॅन हलका होत होता, आणि माझं मनगट माझ्या आधी सरळ झालं. धार तुटली. निम्मं व्हायला अजून बरंच बाकी होतं. ते मला दिसत होतं आणि कोमललाही दिसत होतं.

डब्याचं झाकण तिनं हातात घेतलं नाही. बिल्वा माझ्या पाठीवर रेलून आम्हा दोघींकडे बघत होती.

मी कॅन पुन्हा तिरपा केला.